शार्त्रचे कॅथेड्रल: वास्तू आणि आतील सामान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या नोत्र-दाम कॅथेड्रलबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एका मुद्द्याची फोड दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्चच ना?

आकाराशी त्याचा संबंध नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल, मग ते लहान का असेना. जुन्या गोव्यातले 'से कॅथेड्रल' हे नावच पोर्तुगीज 'से', म्हणजे बिशपचे पीठ, यावरून आले. शेजारचे बॉम जेझुस अधिक प्रसिद्ध असले तरी ते बॅसिलिका (पोपने खास मान दिलेले चर्च) आहे, कॅथेड्रल नाही. शार्त्रला आजही बिशप आहेत आणि तिथे रोज उपासना चालते. इमारतीची मालकी मात्र फ्रेंच सरकारकडे आहे, त्यामुळे दुरुस्तीचा निर्णय आणि खर्च मुख्यतः सरकारचा असतो.

२. शार्त्रला जायचे कसे, आणि तिकीट लागते का?

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून गाडीने साधारण तासाभराचा प्रवास आहे. गाव पॅरिसच्या नैर्ऋत्येला, बोस नावाच्या गव्हाच्या सपाट मुलखात आहे. त्यामुळे शेतांपलीकडे दोन मनोरे फार दुरून दिसू लागतात. कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे. मनोऱ्यावर चढायला आणि तळघर (क्रिप्ट) पाहायला तिकीट लागते. तळघरात एकट्याने फिरता येत नाही, ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबर जावे लागते. त्या वेळा आधी पाहून मगच दिवस आखा. सामान कमी न्या आणि दुर्बीण नक्की न्या. वरच्या खिडक्यांतली चित्रे नुसत्या डोळ्यांना रंगांचे ठिपके वाटतात.

३. ही इमारत नक्की कोणत्या शतकातली?

एकच शतक सांगता येत नाही. सगळ्यात खाली नवव्या शतकातले छोटे तळघर आहे. त्याच्याभोवती, १०२० च्या आगीनंतर बिशप फ्युल्बेर यांनी बांधवलेले लांबलचक तळघर आहे. त्याच्या दालनांची एकूण लांबी सुमारे २२० मीटर भरते. पश्चिमेचा दर्शनी भाग आणि तिथली तीन दारे बाराव्या शतकाच्या मध्यावरची आहेत. १० जून ११९४ रोजी मोठी आग लागली, तेव्हा हे तळघर आणि पश्चिमेचा भाग वाचला, बाकीचे बहुतेक सगळे गेले. आज दिसणारे गॉथिक (टोकदार कमानी आणि मोठ्या खिडक्यांच्या शैलीतले) कॅथेड्रल त्यानंतरचे. मुख्य काम साधारण तीस वर्षांत उरकले, आणि २४ ऑक्टोबर १२६० रोजी राजा नववा लुई याच्या उपस्थितीत त्याचा अभिषेक झाला.

जुन्या पायाचा परिणाम नव्या इमारतीवर झाला. पूर्वेकडच्या अर्धगोलातल्या छोट्या प्रार्थनाकक्षांचे आकार एकसारखे नाहीत, कारण ते खालच्या तळघराच्या भिंतींवर उभे आहेत. नकाशातली ही विषमता गवंड्यांची चूक नाही.

४. दोन मनोरे इतके वेगळे का?

दोघांच्या शिखरांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. दर्शनी भागासमोर उभे राहिल्यावर उजवीकडचा, सुमारे १०५ मीटर उंचीचा मनोरा बाराव्या शतकातला. चौकोनी बुंध्यावरून अष्टकोनी दगडी शिखराकडे तो इतक्या सहज जातो की सांधा शोधावा लागतो. डावीकडच्या मनोऱ्याचे जुने लाकडी शिखर १५०६ मध्ये वीज पडून जळाले. त्यावर जेहान द बोस याने १५०७ ते १५१३ या काळात सध्याचे जाळीदार दगडी शिखर चढवले. त्याची उंची सुमारे ११३ मीटर आहे. 'जुना' आणि 'नवा' ही या मनोऱ्यांची स्थानिक नावे शिखरांच्या वयावरून आहेत. बुंध्यापुरते पाहिले तर नव्याचे काम जुन्याच्या आधी सुरू झाले होते.

५. दगडाच्या इमारतीत भिंतीपेक्षा खिडक्या जास्त कशा? ती पडत कशी नाही?

हा प्रश्न समजला की शार्त्रचे बाकीचे बरेचसे उलगडते, म्हणून उत्तर थोडे मोठे आहे.

दगडी कमानी छताचा भार फक्त खाली जात नाही. कमान पाय फाकवते आणि भिंतीला बाहेर ढकलते. जुन्या पद्धतीत हा रेटा जाड भिंत पेलत असे, म्हणून खिडक्या लहान असत. शार्त्रच्या कारागिरांनी तीन गोष्टी जुळवल्या. छताला दगडी बरगड्या दिल्या. त्यामुळे रेटा सगळ्या भिंतीवर न पसरता खांबांच्या डोक्यावर येतो. बरगड्यांच्या कमानी टोकदार केल्या. टोकदार कमान त्याच रुंदीच्या गोल कमानीपेक्षा बाहेर कमी ढकलते. आणि खांबांपाशी गोळा झालेला रेटा उडत्या कमानींवाटे बाहेरच्या भरभक्कम दगडी पुश्त्यांवर नेला. मधल्या भिंतीला मग फारसे काम उरत नाही, तिथे काच लावता येते.

बांधण्याचा क्रम असा: खांब आणि पुश्ते वर न्यायचे, लाकडी सेंटरिंगवर बरगड्यांचे दगड मांडायचे, मधोमध चावीचा दगड बसवायचा, मग बरगड्यांच्या मधले पाखे थराथराने भरायचे. सेंटरिंग कधी काढायचे, यात खरे कसब होते. चुन्याचा मसाला फार सावकाश घट्ट होतो. घाईने आधार काढला तर दर्जा (दगडांमधले सांधे) दबतात, बरगडी बसते आणि चावीपाशी भेग जाते.

मुख्य दालन १६ मीटरहून अधिक रुंद आणि सुमारे ३७ मीटर उंच आहे. आधीच्या मोठ्या चर्चमध्ये खालच्या कमानींवर आणखी एक मजली सज्जा असे, तो भिंतीला टेकू द्यायचा. उडत्या कमानी आल्यावर त्या टेकूची गरज संपली, म्हणून शार्त्रमध्ये तो गाळला आणि ती उंची वरच्या खिडक्यांना दिली. तिथली खिडक्यांची पट्टी जवळपास खालच्या कमानींइतकीच उंच आहे.

बाहेरून पाहताना उडत्या कमानींचे तीन स्तर मोजा. खालच्या दोन स्तरांना जोडणारे छोटे खांब चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात. सगळ्यात वरची सडपातळ कमान मागाहून घातल्याचे मानले जाते. १३१६ मध्ये बाहेरच्या जाणकार गवंड्यांना बोलावून इमारतीची तपासणीही करून घेतली होती.

६. दगड कुठला?

शार्त्रपासून जवळच असलेल्या बेर्शेरच्या खाणीतला चुनखडीचा. तो कठीण, खरबरीत आणि खळगे असलेला आहे. भार पेलायला उत्तम, बारीक कोरीवकामाला कमी सोयीचा. म्हणून मूर्तींसाठी वेगळा, मऊ पोताचा चुनखडीचा दगड दुरून आणला गेला.

७. छप्पर हिरवे का दिसते?

ते तांब्याचे आहे, आणि तांब्यावर हवेने हिरवा थर चढतो. आधी ओक लाकडाच्या दाट सांगाड्यावर शिशाचे पत्रे होते. त्या सांगाड्याला 'जंगल' म्हणत. ४ जून १८३६ रोजी छपरावर दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि ते जंगल जळून गेले. खालचे दगडी कमानी छत मात्र टिकले. दगडी छत असते कशासाठी, हे त्या रात्री कळले: वरची आग ते खाली येऊ देत नाही. नवा सांगाडा बिडाच्या कमानींचा केला.

२०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये दगडी छताला भगदाडे पडली, ती मुख्यतः मधले उंच शिखर कोसळून. शार्त्रच्या मध्यभागी असे शिखर नव्हते.

८. 'शार्त्र निळा' म्हणजे नक्की काय?

बाराव्या शतकातल्या खिडक्यांतला उजळ, आकाशासारखा निळा. त्याला रंग कोबाल्टने येतो, पण टिकाऊपणा येतो काचेच्या घडणीतून. त्या काळच्या निळ्या काचेत सोडा जास्त आहे, आणि अशी काच पाऊस-दमटपणाला कमी दबते. तेराव्या शतकात लाकडाच्या राखेपासून केलेली पोटॅशची काच सर्रास झाली. तिच्यातले क्षार पाण्यात विरघळतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात, पांढरट पापुद्रा धरतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत जुनी जास्त उजळ दिसू शकते.

निळा पाहायचा तर दोन जागा. पश्चिमेच्या दारावरच्या तीन उंच खिडक्या, साधारण ११५० च्या. आणि प्रदक्षिणामार्गाच्या दक्षिण बाजूची 'सुंदर काचेची माता'. तिच्या मधल्या, मेरी व बाळ येशूच्या चौकटी ११८० च्या सुमारच्या, आगीतून वाचलेल्या. भोवतीचे देवदूत तेराव्या शतकात जोडले. दोन्ही निळ्यांमधला फरक तिथे एकाच खिडकीत दिसतो.

९. काचेवर रंग लावलेला असतो का?

बहुतेक रंग वितळत्या काचेतच असतो. वरून लावतात ती फक्त तपकिरी-काळी रेघ: धातूची भस्मे आणि कुटलेली काच यांचा लेप, भट्टीत भाजून पक्का केलेला. चेहरे, कपड्यांच्या चुण्या, बोटे त्याने काढतात. लाल काचेचे तंत्र निराळे. तांब्याने आलेला लाल इतका गडद असतो की पूर्ण जाडीची काच काळीच दिसेल, म्हणून फिक्या काचेवर लालाचे पातळ थर घेतात. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवतात, पट्ट्यांचे सांधे डाक देऊन जोडतात, आणि तयार चौकटी भिंतीत रोवलेल्या लोखंडी जाळीवर टेकवतात. बाराव्या शतकातल्या जाळ्या साध्या चौकोनी आहेत. तेराव्या शतकात लोखंडालाच वर्तुळे आणि चौफुल्यांचे आकार दिले. खिडकीचे वय ओळखायची ही सर्वांत सोपी खूण.

१०. खिडकी वाचायची कुठून?

साधारणपणे खालून वर, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे. अपवाद बरेच आहेत, त्यामुळे पहिल्या दोन ओळींत कथा जुळली नाही तर दिशा बदलून पाहा. सुरुवात दक्षिणेच्या बाजूच्या दालनातल्या 'भल्या शोमरोनी'च्या (बायबलमधल्या बोधकथेच्या) खिडकीपासून करा. तळाशी चर्मकार काम करताना दिसतात. मग वाटेत लुटला गेलेला प्रवासी आणि त्याला उचलून नेणारा परका माणूस. वरच्या भागात आदाम-हव्वा येतात. मानवजातीचे पतन आणि जखमी प्रवासी ही एकच गोष्ट आहे, असे ती खिडकी सांगते.

खिडक्यांच्या तळाशी असलेले बेकर, खाटीक, सुतार, सराफ यांचे देखावे म्हणजे देणगीदारांच्या सह्या, असे फार काळ मानले गेले. आता अभ्यासक थोडे सावध आहेत. हे कारागीर गटाने पैसे देत होते की धर्मपीठाला गावाचे असे चित्र हवे होते, यावर वाद आहे. आम्हाला दोन्ही शक्यता उघड्या ठेवणे योग्य वाटते.

११. कोणत्या वेळी जावे? पूर्वेच्या खिडक्या सकाळी उजळतात ना?

इथे बहुतेकांची फसगत होते. शार्त्रचा अक्ष खऱ्या पूर्वेकडे नाही, ईशान्येकडे आहे. त्यामुळे 'पश्चिम' दर्शनी भाग नैर्ऋत्येला, 'दक्षिण' बाजू आग्नेयेला आणि 'उत्तर' बाजू वायव्येला तोंड करून आहे. दक्षिणेची गोल खिडकी सकाळी उत्तम. पश्चिमेच्या तीन निळ्या खिडक्या आणि त्यांवरची गोल खिडकी दुपार कलल्यावर. उत्तरेच्या गोल खिडकीला दिवसाचा बराच वेळ शांत, विखुरलेला प्रकाश मिळतो, आणि तिचे निळे-जांभळे त्यातच शोभते. ढगाळ दिवस वाया जात नाही: ऊन थेट पडत नसल्याने सगळ्या खिडक्या सारख्या दिसतात. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटे बसा.

१२. तीन गोल खिडक्यांत फरक काय?

पश्चिमेची, १२१५ च्या सुमारची, अंतिम निवाड्याची आहे. तिथे दगडी भिंतीतच भोके पाडल्यासारखी रचना आहे, दगड जड दिसतो. उत्तर आणि दक्षिणेच्या त्यानंतरच्या, त्यांत दगडाच्या काड्या बारीक होत गेल्या आहेत. उत्तरेची मेरीची, तिच्यात फ्रान्सच्या राजघराण्याची कमळफुले आणि कास्तीलचे किल्ले आहेत, कारण ती कास्तीलहून आलेली राजमाता ब्लांश हिच्याशी निगडित आहे. दक्षिणेची ख्रिस्ताची. तिच्याखालच्या उभ्या खिडक्यांत चार सुवार्तालेखक संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले दिसतात.

१३. दारांवरच्या मूर्ती इतक्या लांबट, ताठ का?

त्या पश्चिमेच्या 'राजद्वारा'वर तशा आहेत, कारण त्या खांबाचाच भाग आहेत. शरीर खांबाच्या रेषेत, चेहरे मात्र जिवंत. मुळच्या २४ पैकी १९ उरल्या, आणि त्यांतल्या काहींच्या जागी आता प्रतिकृती आहेत. मधल्या दारावर वैभवातला ख्रिस्त. उजव्या दारावर मेरी, आणि तिच्याभोवतीच्या कमानीत सात विद्या: व्याकरण, संगीत, भूमिती वगैरे. शार्त्रची शाळा तेव्हा युरोपभर नावाजलेली होती. डाव्या दारावर ख्रिस्ताचे स्वर्गारोहण, कमानीत राशी आणि महिन्यामहिन्याची शेतीची कामे. उत्तर-दक्षिणेची सहा दारे तेराव्या शतकातली. तिथल्या मूर्ती खांबापासून सुटू लागतात, वळतात, एकमेकांकडे पाहतात. आधी पश्चिम, मग उत्तर, शेवटी दक्षिण असे पाहिले तर हा बदल पायी चालत कळतो.

१४. आतले सामान किती जुने आहे?

इथे मध्ययुग कमी आणि नंतरची शतके जास्त. क्रमाने सांगतो.

गायनमंडळाच्या जागेभोवतीची दगडी भिंत: जेहान द बोस याने (प्र. ४) १५१४ मध्ये सुरू केली, शेवटचे गट अठराव्या शतकात बसले. एकूण ४० प्रसंग, सुमारे २०० मूर्ती. मेरी व येशूचे चरित्र दक्षिण बाजूने सुरू होऊन प्रदक्षिणेने उत्तरेला संपते. वरची चौकट गॉथिक, खालची नक्षी प्रबोधनकाळाची, आणि तरीही काम एकजीव वाटते.

तेराव्या शतकातला पडदा: मुख्य दालन आणि गायनमंडळ यांच्यामध्ये कोरीव दगडी आडभिंत होती. १७६३ मध्ये ती पाडली, कारण लोकांना वेदी दिसायला हवी होती. तिचे तुटके भाग नंतर जमिनीखाली सापडले. ते अव्वल दर्जाचे शिल्प आहे, आणि हे नुकसान आगीने केलेले नाही.

मुख्य वेदीमागचे संगमरवरी 'मेरीचे स्वर्गारोहण': शार्ल-आंत्वान ब्रिदां याचे, १७७० च्या दशकातले. त्याच फेरबदलात आतल्या खांबांना गिलाव्याचा मुलामा दिला, आणि शिल्पावर उजेड पडावा म्हणून काही रंगीत खिडक्या काढून साधी काच लावली. गॉथिक इमारतीत हा भाग अनेकांना खटकतो, पण तो आता अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

ऑर्गन: मुख्य दालनाच्या दक्षिण भिंतीला घरट्यासारखा चिकटलेला. लाकडी पेटी जुनी, आतले वाद्य १९७१ मध्ये नव्याने बांधलेले, ६७ स्वरसंचांचे (स्टॉपचे).

खांबावरची माता: सोळाव्या शतकातली, नाशपातीच्या लाकडाची मूर्ती. तळघरातली 'भूमीखालची माता' मात्र जुनी नाही. मूळ मूर्ती १७९३ मध्ये जाळली गेली, आजची १९७६ ची आहे.

१५. इथे मेरीचे वस्त्र आहे म्हणतात, ते कोणते?

रेशमी कापडाचा तुकडा. परंपरेनुसार ८७६ मध्ये राजा टकल्या शार्लने तो दिला. 'झगा' अशी समजूत होती, पण १७१२ मध्ये पेटी उघडल्यावर आत लांब कापड निघाले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याचे तुकडे झाले, मोठा तुकडा प्रदक्षिणामार्गातल्या एका प्रार्थनाकक्षात दिसतो. ११९४ च्या आगीत ते नष्ट झाले असे वाटून गाव खचले होते. ते तळघरात सुरक्षित सापडल्यावर पुनर्बांधणीला देणग्या आणि माणसे मिळाली.

१६. जमिनीवरच्या भूलभुलैयात वाट चुकते का?

नाही. अभिमन्यूच्या चक्रव्यूहासारखी अडकण्याची भीती इथे नाही, कारण वाट एकच आहे. अकरा फेऱ्यांतून ती मध्यापर्यंत जाते, लांबी सुमारे २६० मीटर, वर्तुळाचा व्यास जवळपास १३ मीटर. मधली धातूची पट्टी १७९२ मध्ये तोफांसाठी काढून नेली. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. चालायचे असेल तर वसंत ते शरद या काळात साधारण शुक्रवारी त्या हलवतात, निघण्याआधी खात्री करा.

पश्चिमेची भिंत खाली पाडली तर गोल खिडकी बरोबर यावर बसेल, असे सांगितले जाते. मापे जवळची आहेत, तंतोतंत नाहीत.

१७. आतल्या भिंती एकदम उजळ कशा? खरा काळसर दगड रंगवून टाकला का?

काळसरपणा दगडाचा नव्हता, काजळीचा होता. २००९ पासूनच्या कामात तिच्याखाली तेराव्या शतकातला गिलावा मोठ्या प्रमाणात सापडला: फिका पिवळसर रंग आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेल्या खोट्या दर्जा (सांधे). म्हणजे मध्ययुगीन लोकांनीच खरबरीत दगड झाकून नीटनेटकी चिरेबंदी रंगवली होती. जिथे तो शिल्लक होता तिथे साफ केला, गेलेल्या जागी नवा भरला.

टीका दोन मुद्द्यांवर झाली. उजळ भिंतींमुळे खिडक्यांची झळाळी मंदावते, आणि खांबावरच्या मातेचा (प्र. १४) काळा रंग, ज्याची पिढ्यान्‌पिढ्या भक्ती झाली, तो काढायला नको होता. पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे: काचेचा रंग आता भिंतीवर उतरतो, जो काळ्या भिंतीवर दिसतच नसे. दुसऱ्या मुद्द्यात मात्र वजन आहे.

१८. दुसऱ्या महायुद्धात काचा कशा वाचल्या?

१९३९ मध्ये त्या उतरवून पेट्यांत भरल्या, आधी तळघरात आणि नंतर दूर दोर्दोन्य भागात ठेवल्या. इमारत वाचण्यामागे एका माणसाचा हात आहे. १६ ऑगस्ट १९४४ रोजी मनोऱ्यात जर्मन टेहळणी असल्याच्या संशयावरून त्यावर तोफा डागण्याची वेळ आली होती. अमेरिकी कर्नल वेलबॉर्न ग्रिफिथ यांनी स्वतः आत जाऊन तपासले, कोणी नसल्याचे कळवले. त्याच दिवशी ते शेजारच्या लेव्ह गावात मारले गेले.

आज अनेक खिडक्यांच्या बाहेर साध्या काचेचे आवरण आहे आणि जुनी चौकट किंचित आत सरकवली आहे. मधल्या फटीत आतली हवा खेळते, त्यामुळे दव बाहेरच्या काचेवर धरते, जुन्यावर नाही (प्र. ८). बाहेरून ती आरशासारखी चमकते, ते यामुळे.

१९. मुंबईतल्या गॉथिक इमारतींशी याचा काही संबंध?

वंशाचा आहे, काळाचा नाही. मुंबईतल्या त्या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनाच्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहातल्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. शार्त्रच्या राजद्वारावर (प्र. १३) आणि एका रंगीत खिडकीतही त्या राशी शेतीच्या महिन्यांसोबत येतात. ते सभागृह पाहिले असेल तर शार्त्रमध्ये राशी शोधायला वेळ लागत नाही.

२०. २१ जूनला एका फरशीवर उन्हाचा ठिपका पडतो, ते मध्ययुगीन गुपित आहे का?

नाही. दक्षिणेच्या आडव्या बाहूत संत अपोलिनारच्या खिडकीतल्या एका बिनरंगी भोकातून येणारे ऊन फरशीतल्या पितळी खिळ्यावर पडते, आणि ही योजना १७०१ मधली आहे. पाहायला जाणार असाल तर घड्याळातल्या बाराला जाऊ नका. फ्रान्सच्या उन्हाळी वेळेमुळे सूर्य तिथे माथ्यावर येतो तो दोनला चार-पाच मिनिटे कमी असताना. अर्धा तास आधी पोचा, फरशीजवळ गर्दी होते. आकाश ढगाळ असेल तर एक-दोन दिवस मागेपुढे गेले तरी चालते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास सूर्याची उंची फारशी बदलत नाही.